पुढचे बहात्तर तास

‘पुढचे बहात्तर तास महत्त्वाचे आहेत.’ सर्जिकल आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या नातेवाइकांना हे वाक्य तोंडपाठ असते. मोठी शस्त्रक्रिया झालेली असते, रुग्ण व्हेंटिलेटरवर असतो, आणि दार अर्धवट उघडून डॉक्टर एवढेच सांगून आत जातात. वाक्य खोटे नसते. पण बहुतेक वेळा त्याचा उपयोग बोलणे पुढे ढकलण्यासाठी होतो. बहात्तर तास उलटतात, मग आणखी बहात्तर. दहाव्या-बाराव्या दिवशी, मूत्रपिंडे बंद पडल्यावर, कोणीतरी पहिल्यांदा नीट बसून बोलते आणि ते बोलणे ‘आता आमच्या हातात काही नाही’ इथूनच सुरू होते. रुग्णाला किती दुखते आहे, शुद्धीवर असता तर त्याने काय मागितले असते, घरचे लोक काय समजून बसले आहेत, हे प्रश्न तोवर कोणी विचारलेलेच नसतात.

या प्रश्नांना हात घालणारी वैद्यकाची शाखा म्हणजे उपशामक उपचार, ज्याला आता मराठीतही सर्रास पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आपल्याकडे तो कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातला विषय समजला जातो. समज तसा झाला यात नवल नाही. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झाले, पुढे पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र आले, टाटा रुग्णालयात स्वतंत्र विभाग उभा राहिला. ही सगळी मुख्यतः कर्करोगाची ठिकाणे. पण हा शब्द रूढ करणारा माणूस सर्जन होता, हे फार कमी लोकांना, आणि सर्जन मंडळींपैकीही थोड्यांनाच, ठाऊक असते. कॅनडातील माँट्रियलच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयातले बाल्फर माउंट हे मूत्रविकारांचे सर्जन. लंडनला सिसिली सॉन्डर्स यांच्या सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिसमधले काम पाहून त्यांनी १९७५ मध्ये आपल्या रुग्णालयात तसा विभाग काढला. फ्रेंच बोलणाऱ्या त्या मुलखात ‘हॉस्पिस’ या शब्दाला नकोसा अर्थ चिकटलेला होता, म्हणून त्यांनी नवा शब्द योजला. आता त्या नव्या शब्दालाही तोच अर्थ चिकटला आहे. ‘पॅलिएटिव्हवाल्यांना बोलवा’ म्हटले की घरच्यांचा चेहरा पडतो आणि सर्जनच्या कपाळावर आठी येते. दोघांनाही ती शरणागती वाटते.

वास्तविक वेदना, धाप, तहान, भीती, भ्रम यांच्यावरचा उपचार आणि पुढे काय करायचे याची मोकळी चर्चा, हे या शाखेचे काम. ते रोग बरा करण्याच्या उपचारांबरोबर चालते. अमेरिकेत २०१० मध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर एक प्रसिद्ध अभ्यास झाला. ज्यांना सुरुवातीपासून नेहमीच्या उपचारांसोबत उपशामक उपचार मिळाले, ते इतरांपेक्षा सुखात राहिलेच, शिवाय जास्त जगले, मध्यमान ११.६ महिने, इतरांचे ८.९. ते आयसीयूतले रुग्ण नव्हते, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा आयसीयूला लावता येणार नाही. पण ‘पॅलिएटिव्ह म्हणजे लवकर मरण’ या समजाला तो पुरेसे उत्तर आहे.

मी फिजिशियन. सर्जिकल आयसीयूत आम्हाला रेफरन्स येतो तो साखर, रक्तदाब, मूत्रपिंड, हृदयाचे ठोके पाहण्यासाठी. वर्षानुवर्षे असे जाऊन एक गोष्ट दिसते. इथला रुग्ण कर्करोगाच्या वॉर्डातल्या रुग्णासारखा नसतो. तो कालपरवापर्यंत शेतात किंवा दुकानात होता. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागला, आतड्याला भोक पडून पोटात पू झाला, स्वादुपिंडाला सूज येऊन ते सडले, स्टोव्हच्या भडक्यात साठ टक्के भाजले. आजाराशी जुळवून घ्यायला ना त्याला वेळ मिळाला, ना घरच्यांना. ‘माझे असे झाले तर काय करा’ हे त्याने कधी कोणाला सांगितलेले नसते. आणि निदान करणे कितीही सोपे असो, भाकीत फार अवघड असते. पोटात पू झालेला चाळिशीतला माणूस महिन्याभराने चालत घरी जातो, आणि त्याच आजाराचा, त्याच दिवशी टेबलावर घेतलेला सत्तरीतला माणूस एकेक अवयव गमावत जातो. सुरुवातीला दोघे सारखेच दिसतात.

म्हणूनच इथे ‘बरे होण्याची आशा संपली की उपशामक उपचार’ हा क्रम चालत नाही. आशा संपल्याचा क्षण घड्याळात दाखवता येत नाही, तो नेहमी मागाहून कळतो. त्याची वाट पाहायची म्हणजे दुखणे आणि अंधार दोन्ही तोवर तसेच चालू द्यायचे.

दुखण्यापासूनच सुरू करू. व्हेंटिलेटरवरचा माणूस बोलू शकत नाही, म्हणून त्याला दुखत नाही असे आपण नकळत धरून चालतो. शस्त्रक्रियेच्या जखमेचे दुखणे आपण ओळखतो. पण अमेरिकेत सहा हजारांच्या आसपास प्रौढ रुग्णांचा एक मोठा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात निरनिराळ्या प्रक्रियांपैकी सर्वांत वेदनादायक ठरले ते कुशीवर वळवणे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी आपण तेच करतो, आणि ते केलेच पाहिजे. प्रश्न एवढाच की त्याआधी वेदनाशामकाचा डोस दिला का. न बोलणाऱ्याची वेदना मोजता येते. कॅनडात तयार झालेली एक सोपी मोजपट्टी आहे: चेहऱ्यावरचे भाव, शरीराची हालचाल, स्नायूंचा ताठपणा, व्हेंटिलेटरशी जुळवून घेणे. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण आठ. सिस्टरला एक-दोन मिनिटे लागतात. तापाचा तक्ता असतो, लघवीचा असतो, रक्तदाबाचा असतो. वेदनेचा मात्र किती आयसीयूंत पलंगाच्या पायथ्याशी लटकलेला दिसतो?

मॉर्फिनची भीती हा त्यातला मोठा अडथळा. ‘श्वास बंद पडेल’, ‘सवय लागेल’, हे आम्ही शिकताना इतके ऐकले की ते अंगात मुरले. रुग्णाकडे बघत बेताबेताने वाढवलेले मॉर्फिन मरण ओढवून आणत नाही. उलट धापेवर त्याच्याइतका गुणकारी उपाय क्वचितच सापडतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ते मिळवणे जिकिरीचे होते. डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या मंडळींनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि वाट बरीच सोपी झाली. आता अडते ते कायद्यापेक्षा कपाटाच्या किल्लीवर आणि रजिस्टर लिहिण्याच्या कंटाळ्यावर.

तहानेबद्दल तर कोणी बोलतच नाही. आयसीयूतून बरे होऊन आलेल्यांना विचारा, अनेकांना सगळ्यात जास्त आठवते ती कोरडी जीभ. थंड पाण्याचा फवारा, ओला बोळा आणि ओठांना मलम, एवढ्यानेच तहान लक्षणीय कमी होते हे आयसीयूतल्या रुग्णांवर रीतसर चाचणी करून दाखवले गेले आहे. आपल्याकडे म्हातारी आई हातात गंगेच्या पाण्याची लहानशी बाटली घेऊन दारात उभी असते आणि तिला ‘तोंडातून काही द्यायचे नाही’ म्हणून परत पाठवले जाते. पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका खरा आहे. पण त्याच पाण्यात भिजवलेला बोळा सिस्टरच्या देखरेखीखाली ओठांवरून फिरवायला कुठले शास्त्र आडवे येते?

आता बोलण्याकडे येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे. अमेरिकेतल्या पाच रुग्णालयांत नऊ हजारांहून अधिक गंभीर रुग्णांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शुद्धीवर असताना रुग्णालयात मरण पावलेल्यांपैकी निम्म्या रुग्णांना शेवटच्या दिवसांत निदान अर्धा वेळ तरी मध्यम ते तीव्र वेदना होत्या, असे त्यांच्या घरच्यांनी सांगितले. मग दुसऱ्या टप्प्यात डॉक्टरांना प्रत्येक रुग्णाच्या भवितव्याचा अंदाज काढून दिला आणि संवादासाठी खास परिचारिका नेमल्या. काहीही बदलले नाही. डॉक्टरांच्या हातात माहितीचा कागद ठेवल्याने त्यांची सवय मोडत नाही, हा त्यातून मिळालेला कडू धडा.

सवय मोडली ती न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहरात. अ‍ॅन मोझेन्थल या स्वतः ट्रॉमा सर्जन. त्यांनी आपल्या ट्रॉमा आयसीयूत दोन नियम केले. रुग्ण दाखल झाल्यापासून चोवीस तासांत कुटुंबाला आधार देणारे कोणी भेटले पाहिजे आणि रुग्णाच्या भवितव्याचा व त्याच्या इच्छेचा अंदाज घेतला गेला पाहिजे. बहात्तर तासांत डॉक्टर, परिचारिका आणि कुटुंब यांची एकत्र बैठक झाली पाहिजे. ही बैठक सगळ्यांसाठी, वाचण्याची आशा असलेल्यांसाठीसुद्धा. २००८ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. मृत्यूचे प्रमाण बदलले नाही. म्हणजे बोलल्यामुळे कोणी जास्त मेले नाही. बदलले ते असे की, जे वाचणार नव्हते त्यांच्याबाबतचे निर्णय लवकर झाले आणि त्यांचे आयसीयूतले निष्फळ दिवस कमी झाले. आपल्या बहात्तर तासांत आणि त्यांच्या बहात्तर तासांत फरक हा. आपण तेवढा वेळ थांबा म्हणतो, त्यांनी तेवढ्यात बसा म्हटले.

सर्जनला हे जड का जाते, हेही समजून घेतले पाहिजे. त्यांना दगड म्हणून मोकळे होणे सोपे आहे आणि चूक आहे. माणसाचे पोट उघडणाऱ्याचे त्या माणसाशी जे नाते जडते, ते गोळ्या लिहून देणाऱ्या आम्हा फिजिशियनांचे होत नाही. अमेरिकेतल्या सर्जन ग्रेचेन श्वार्झ यांनी यावर बारकाईने काम केले आहे. मोठ्या शस्त्रक्रियेआधी सर्जन आणि रुग्ण यांच्यात एक न लिहिलेला करार होतो, असे त्या दाखवतात: मी तुझ्यासाठी एवढी जोखीम घेतो, तूही नंतरचे सगळे उपचार पुरे होईपर्यंत मागे हटायचे नाहीस. रुग्णाला मात्र आपण असा काही करार केला याची कल्पनाच नसते. त्याने ‘हाय रिस्क’ लिहिलेल्या कागदावर सही केलेली असते, तीही स्ट्रेचरवर.

यावर श्वार्झ यांनी सुचवलेले साधन पेनाने कागदावर करता येते. एक उभी रेघ. वरच्या टोकाला चांदणी: सगळे चांगले झाले तर काय होईल. खालच्या टोकाला चौकोन: वाईट झाले तर काय. मध्ये कुठेतरी लंबगोल: बहुधा काय होईल. प्रत्येक ठिकाणी टक्केवारीऐवजी गोष्ट सांगायची. ‘सगळे चांगले झाले तरी दोन महिने रुग्णालयात, पोटावर शौचाची पिशवी, घरी गेल्यावर उठवून बसवायला माणूस लागेल.’ ‘तीस टक्के चान्स’ या उत्तरातून कोणाला काही कळत नाही. ऐकणारा त्यातले तीस धरतो, सांगणारा सत्तर.

घरच्यांना आपण विचारतो तो प्रश्नही चुकीचा असतो. ‘तुम्ही ठरवा, मशीन चालू ठेवायचे का?’ असे विचारून आपण मुलाच्या डोक्यावर बापाच्या मरणाचा भार टाकतो. त्याला हो म्हणताही येत नाही, नाहीही म्हणता येत नाही, मग तो गावाला फोन लावतो. विचारायचे ते असे: ‘तुमचे वडील इथे बसून हे सगळे ऐकत असते, तर काय म्हणाले असते?’ म्हातारी माणसे बोललेली असतात. शेजारच्या आजोबांचे हाल पाहून ‘मला नका असे पाडून ठेवू’ म्हणालेली असतात, किंवा ‘नातीचे लग्न बघायचे आहे, काय वाट्टेल ते करा’ असेही. दोन्ही उत्तरे ऐकण्याजोगी आहेत. आणि तिसऱ्या दिवशी पुण्या-मुंबईहून किंवा परदेशातून येणारा एक मुलगा असतो, जो आल्या आल्या ‘सगळे करा’ म्हणून आवाज चढवतो. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही, त्याची बैठक मागे राहिलेली आहे इतकेच. ती पुन्हा घ्यावी लागते.

या बोलण्याचा उपयोग जिवंत राहणाऱ्यांना होतो हेही सिद्ध झाले आहे. फ्रान्समधील २२ आयसीयूंमध्ये मरणपंथाला लागलेल्या १२६ रुग्णांच्या कुटुंबांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या कुटुंबांशी ठरावीक पद्धतीने, त्यांचे ऐकून घेत बैठक झाली आणि हाती एक माहितीपत्रक दिले गेले. ही बैठक सरासरी तीस मिनिटांची; एरवीची वीस मिनिटांची. नव्वद दिवसांनी विचारले तेव्हा मानसिक आघाताची लक्षणे नेहमीच्या गटात ६९ टक्के लोकांत होती, या गटात ४५ टक्क्यांत. जास्तीची दहा मिनिटे आणि एक छापील पत्रक.

‘वेळ कुठे आहे?’ हे माझे सहकारी म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे. एका रेसिडेंटच्या अंगावर दहा-बारा पलंग, त्यातच इमर्जन्सी. पण न झालेल्या बोलण्याला लागणारा वेळ आपण मोजत नाही. दिवसातून आठ वेगवेगळे नातेवाईक तेच विचारतात, आठ वेगवेगळी उत्तरे मिळतात आणि त्यातून संशय वाढतो. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांना अनेक कारणे आहेत. त्यातले एक, अनपेक्षित वाटलेला मृत्यू. आत सगळ्यांना तो चार दिवस दिसत असतो, बाहेर कोणालाच सांगितलेला नसतो. शिवाय सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. त्यांना आपण योजनेची कागदपत्रे आणि बेवारस रुग्ण यांच्यापुरते ठेवले आहे. त्या बैठकीत त्यांची जागा डॉक्टरच्या शेजारी आहे.

कायद्याची भीती हे दुसरे कारण, आणि ते बरेचसे गैरसमजावर उभे आहे. अरुणा शानबाग यांचे नाव महाराष्ट्राला सांगायला नको. त्यांच्या प्रकरणात २०११ मध्ये आलेल्या निकालानंतर ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरण हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये ती किचकट प्रक्रिया न्यायालयाने सोपी केली: रुग्णालयाचे पहिले मंडळ, मग दुसरे मंडळ, शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत निर्णय, कुटुंबाची संमती आणि दंडाधिकाऱ्यांना माहिती. इच्छापत्र नसले तरी याच धर्तीवर मार्ग आहे. पण हे सगळे चालू कृत्रिम आधार काढून घेण्यासाठी किंवा तो न देण्यासाठी. वेदना मोजायला, मॉर्फिन द्यायला, ओठ ओले करायला, कुटुंबाशी बसून बोलायला कोणत्याही मंडळाची परवानगी लागत नाही. कायद्याची ढाल पुढे करून आपण ज्या गोष्टी टाळतो, त्यातल्या बहुतेक कायद्याने कधी अडवलेल्याच नाहीत.

आणि या टाळाटाळीचा शेवट कसा होतो? रुग्णालयाच्या भाषेत ‘डामा’. डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. पैसे संपलेले, धीर सुटलेला. कोणीतरी हळूच सुचवते, ‘घरी न्यायचे असेल तर न्या.’ मुलगा सही करतो, आणि जणू सगळा निर्णय त्याचाच होता अशी कागदोपत्री नोंद होते. व्हेंटिलेटर काढून, कोणीतरी हाताने फुगा दाबत, रुग्णवाहिका ऐंशी-नव्वद किलोमीटर जाते. सोबत मॉर्फिन नसते, धापेचे औषध नसते, पुढे काय दिसेल हे सांगितलेले नसते, गावातल्या आरोग्य केंद्राला फोन केलेला नसतो. आपल्या घरात, आपल्या माणसांत मरावे ही इच्छा चुकीची मुळीच नाही. अनेकांची तीच असते. मग ती पूर्ण करण्याची जबाबदारी रुग्णालयाने घ्यावी. औषधे बांधून द्यावीत, नळ्या काढायच्या तर कोणत्या आणि कधी हे ठरवावे, एक फोन नंबर द्यावा, आणि कागदावर ‘सल्ल्याविरुद्ध’ लिहू नये, कारण खरे म्हणजे सल्ला तोच होता.

वाचणाऱ्यांनाही हे सगळे तितकेच लागते, हे मुद्दाम सांगतो, कारण सर्जिकल आयसीयूत वाचणारेच जास्त असतात. हात बांधलेले, भिंतीवर किडे दिसताहेत, दिवस की रात्र कळत नाही, अशा भ्रमातून अनेक जण जातात आणि त्याची भीती महिनोन्‌महिने उरते. चष्मा, कानाचे यंत्र, खिडकीतला उजेड आणि रोज ठरल्या वेळी ओळखीचा आवाज यांनी हा भ्रम कमी होतो. भेटीची वेळ संध्याकाळी दहा मिनिटे, एका वेळी एकच माणूस, तोही बाहेरून काचेतून, हे नियम जंतुसंसर्गाच्या नावाखाली चालतात. हात धुऊन, गाऊन घालून बसलेल्या बायकोमुळे संसर्ग वाढतो असे म्हणायला आधार नाही.

सरकारी रुग्णालयात हे करायला नवी इमारत लागत नाही. आयसीयूजवळ दार बंद होणारी एक खोली आणि पाच-सहा खुर्च्या. वेदनेचा तक्ता, रक्तदाबाच्या तक्त्याशेजारी. निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणात वाईट बातमी सांगण्याचा सराव, वरिष्ठांच्या देखरेखीखाली. टाके घालणे आपण तसेच शिकवतो. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात हा विषय आला आहे, पण विद्यार्थी वॉर्डात जे पाहतो तेच उचलतो. आणि केसपेपरवर एक छापील ओळ: कुटुंबासोबत बैठक, तारीख, वेळ, कोण कोण होते, काय ठरले. ती ओळ तिसऱ्या दिवशी कोरी दिसली तर राउंड घेणाऱ्या युनिट प्रमुखाने, अँटिबायोटिक का दिले नाही हे ज्या आवाजात विचारतात, त्याच आवाजात कारण विचारावे.